कापलेली ओळ
गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, मी गायचो ते गाणं मुंबईच्या सिनेमात गेलं. शब्द माझे, चाल माझी, आवाजही माझाच. दंडारीच्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या ओळीत गाणाऱ्याचं आणि गावाचं नाव होतं. तेवढी ओळ निर्मात्यानं कापली.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीत करडीला गेलो, तर माझे गुरू तुलारामबुवा घुश्श्यात.

"गानं अर्धंच काहून सोडलं?"

"सिनेमात गावाचं नाव नाही चालत, बुवा."

बुवांनी मला तुमसरच्या टॉकीजमध्ये नेलं. पडद्यावर नायकाच्या तोंडचा माझा आवाज थांबला आणि अंधारातून सगळी टॉकीज गाऊ लागली, "भोजराज म्हने, गाव आमचं करडी."

बुवा म्हणाले, "कापू दे तिकडं. आमी इथं रोज जोडून राहिलो."