हिरवा दिवा

"आधी बटन बंद कर, माय," मिथुन फोनवर म्हणाला. "मंग डबी खाली घे."

दैवशालाबाईने भिंतीवरचं बटण बंद केलं. बटणांचा मोबाइल खांद्याशी दाबून ती स्टुलावर चढली, खिडकीवरच्या फळीवरून डबी काढली आणि पलंगावर मांडली. पत्त्यांच्या कॅटाएवढा तो कॉम्प्युटर आणि त्यालाच चिकटवलेला कॅमेऱ्याचा डोळा. एरवी तो डोळा खिडकीतून मोसंबीच्या बागेकडे बघत बसायचा, आणि त्याला दिसेल ते तिकडे चाकणच्या कंपनीत मिथुनला मोबाइलवर दिसायचं. बाग कशी आहे हे त्याला रोज डोळ्यांनी बघायचं असे. आईचं काय, ती फोनवर बोलतेच.

"त्यातलं बारकं कार्ड नखानं उपस. निघालं?"

"निघालं."

कार्ड नखाएवढंच, पण त्या घरात त्याचा मान मोठा होता. उन्हाने म्हणा की घडीघडी जाणाऱ्या लाइटीने म्हणा, ते अधूनमधून मरायचं. कार्ड मेलं की डोळा मिटायचा, आणि डोळा मिटला की मिथुन यायचा. दिवाळीला कंपनी सोडत नसे, यात्रेला सुट्टी मिळत नसे, पण कार्डासाठी तो मिळेल ती गाडी धरून तीर्थपुरीला उतरायचा. नवं कार्ड घालून सगळं सुरू करायला त्याला तासभर लागे. बाकीचा वेळ तिचा. देवापुढे हात जोडून 'कार्ड मरू दे' म्हणणारी बाई घनसावंगी तालुक्यात दुसरी सापडली नसती.

"आता कुरिअरनं आलेली ती एसएसडी घे. तिची वायर निळ्या खाचंत घाल. काळ्या न्हाई, निळ्या."

तिने तो चपटा तुकडा हातात घेतला. "हे काय करतंय?"

"कार्डाचंच काम. कॉम्प्युटर आता हिच्यावरूनच चालू व्हईल. मागल्या खेपेला आल्तो तवाच आतून सगळं लावून ठिवलंय." मग तो जरा ऐटीत म्हणाला, "अन् ही कार्डावाणी मरत न्हाई. आता वर्षानुवर्षं बिलकुल बघायचं काम न्हाई. माझा हेलपाटा वाचला."

तो तुकडा उचलून थेट विहिरीत टाकावा असं दैवशालाबाईला वाटलं. पण लेकाने सांगितलेलं न करायची तिला सवय नव्हती. तिने निळी खाच शोधली, वायर दाबून बसवली आणि भिंतीवरचं बटण चालू केलं.

"मिनिटभर थांब," मिथुन म्हणाला. "बाजूला हिरवा दिवा लुकलुकला की समज झालं. लुकलुकला का?"

लुकलुकत होता. चांगला भराभर लुकलुकत होता. ती पलंगावर बसून त्याच्याकडे बघत राहिली.

"न्हाई," ती म्हणाली.

चाकणला जेवणाची सुट्टी होती. मिथुन कॅंटीनमध्ये कानात इअरफोन घालून आईशी बोलत होता आणि मोबाइल समोर ताटाला टेकवून ठेवला होता. त्यावर चित्र उमटलं. पण त्यात बाग नव्हती. डबी पलंगावर होती आणि डोळा आईकडे वळलेला होता. बाईच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

संक्रांतीनंतर तो तिला पहिल्यांदाच बघत होता. गाल बसले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. हे ती फोनवर कधी बोलली नव्हती.

"माय," तो म्हणाला, "दिवा नीट बघ एकदा."

चित्रातल्या आईने वाकून दिवा नीट बघितला. "न्हाई रे बाबा. ठार मेलंय हे." आणि फोन कानाला तसाच ठेवून मोकळ्या हाताने तिने देव्हाऱ्याकडे बघत कानाची पाळी धरली.

मिथुनला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. हातातला घास त्याने ताटात ठेवला. याच पावली उठावं आणि घर गाठावं असं त्याला वाटलं. 'तू दिसून राह्यली मला' हे ओठांवर आलेलं त्याने गिळलं.

"मला बी काईच दिसून न्हाई राह्यलं," तो म्हणाला. "मलाच यावं लागंल."

"कामाचा खाडा व्हत असंल तर ऱ्हाऊ दे. बागंला काय धाड भरली?"

"होऊ दे खाडा. शनिवारी निघतो. काम मोठं दिसतंय, चार दिवस ऱ्हावं लागंल."

"बरं. ये मंग," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता. तोंड मात्र मिथुनला दिसत होतं, आणि तिथे तो आवाज कुठेच नव्हता. ती पदर तोंडाला लावून हसत होती.

फोन बंद झाला तरी त्याने चित्र बंद केलं नाही. आईने आपला मोबाइल उशाशी ठेवला. मग लुकलुकणाऱ्या दिव्याकडे तिचं लक्ष गेलं. तिने दाराकडे एकदा बघून घेतलं आणि निळ्या खाचेतली वायर उपसायला हात पुढे केला. हात मोठा मोठा होत गेला आणि चित्र तिथेच अडकलं.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, तरी मिथुन मोबाइलवरचा तो तळहात बघत बसला होता.