रेशमाखाली लोकर

"ओढ. अजून ओढ. हं, आता टाचणी लाव."

"टोचेल ना तुला," नवरा म्हणाला.

"इतकी वर्षं पुतळ्यांना टोचल्या. एकानेही तक्रार केली नाही."

कापडाच्या मोठ्या दुकानात काचेमागच्या पुतळ्यांना कपडे चढवणं, हे तिचं काम होतं. आजारी पडेपर्यंत. ढगळ कपडा पुतळ्यावर बसवायची रीत ठरलेली. जास्तीचं सगळं पाठीमागे गोळा करायचं आणि टाचण्या मारायच्या. पुढून एक सुरकुती दिसता कामा नये. रस्त्यावरून जाणाऱ्याला पाठ दिसत नाही. फोटोतही दिसत नाही.

आणि आज फोटो होता. सासूबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण झाली म्हणून सगळं घर स्टुडिओत जाणार होतं. काल जेवताना मोठ्या जावेने तिला सांगून टाकलं होतं, "तू घरीच थांब गं. दमशील. शिवाय हा फोटो कायमचा भिंतीवर लागणार."

'दमशील' तिने सोडून दिलं. 'शिवाय' मात्र रात्रभर पोटात राहिलं.

तिच्या कपाटात आता दोन गाऊन आणि एक शाल होती. आजारी माणसाला तेवढं पुरतं, असं घरात सगळ्यांचंच मत होतं.

तर, पहिला थर. नवऱ्याचा लोकरी बनियन. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि थंडीत एकट्या रेशमाचं काही चालत नाही. आतल्या लोकरीने राबायचं, वरच्या रेशमाने मिरवायचं.

दुसरा थर. ब्लाऊज. गर्द किरमिजी रेशीम, लांब बाह्या, मनगटाशी चुण्या, गळ्याला बांधायची रुंद फीत. गल्लीच्या टोकाशी जुन्या कपड्यांचं दुकान आहे, तिथून परवा आणला. हॉस्पिटलातून आल्यावर ती पहिल्यांदाच एकटी बाहेर पडली, ती थेट तिथे. घालून पाहिला नाही. मापही विचारलं नाही.

तिसरा. नवऱ्याचं राखाडी जाकीट, बिनबाह्यांचं. मधलं एकच बटण लावायचं, म्हणजे फितीची गाठ वर डोकावते.

चौथा थर नवऱ्याच्या अंगावर होता.

"काढ," ती म्हणाली.

"पँट? मग मी काय घालू?"

"दुसरी."

"ती धुवायला टाकलीय."

"मग तू घरीच थांब. दमशील."

तो हसला. हसत हसत पँट काढून दिली आणि आपण उन्हाळ्यातली सुती चढवली. उंच कमरेची, पायाशी रुंद अशी ती लोकरी पँट तिने पट्ट्याने आवळली.

राहिले केस. ते औषधांनी नेले होते, आता बोटभर परत आले होते. घरातला प्रत्येक जण तिला टोपी सुचवत होता. तिने कंगवा ओला केला, बाजूने भांग पाडला आणि कपाळावर एक लाट दाबून बसवली. सासूबाईंच्या आईच्या काळातल्या कृष्णधवल फोटोंत विलायती नट्या अशाच दिसतात. त्यांनी हौसेने कापले होते, हिचे न कापता झाले. फोटोत कुठे कळतं?

"कशी दिसते?"

"भांडायला निघाल्यासारखी."

"मग बरोबर जमलंय."

स्टुडिओ. सासूबाई मधल्या खुर्चीत. मागे मोठे दीर, बाजूला मोठी जाऊ, पदर-पाकीट-लिपस्टिक सगळं जागच्या जागी.

"अगंबाई! तू आलीस?"

"आले."

"आणि हे काय सोंग? आई, बघताय ना?"

सासूबाई बघत होत्या. बराच वेळ. "मान ताठ ठेव गं," त्या म्हणाल्या. "गाठ दबतेय."

"मागे उभी राहा हं," जाऊ घाईने म्हणाली. "तिथे, पडद्याजवळ. शाल आणलीय मी, घे."

पण फोटोग्राफरला घरातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने बोट केलं. "त्या किरमिजी ब्लाऊजवाल्या ताई, पुढे या. खुर्चीच्या शेजारी. रंग काय सुरेख येतोय! वहिनी, तुम्ही जरा सरका."

वहिनी सरकल्या. दोघींचे खांदे एकमेकींना लागले. जावेने फीत चिमटीत धरून पाहिली आणि तोंड तिच्या कानाशी आणलं.

"त्या गल्लीतल्या दुकानातला ना हा? शी! तिथे मेलेल्या बायकांचे कपडे येतात, माहितीय का तुला? घरचे लोक कपाट रिकामं करतात नि पिशव्या भरून तिथे नेऊन टाकतात. आईंच्या ऐंशीला हे असलं अंगावर घालून उभी राहणार तू?"

"सगळ्यांनी इकडे बघा," फोटोग्राफर ओरडला. "हसा. आता कुणीही हलायचं नाही!"

कुणी हललं नाही. तीही नाही. कॅमेऱ्याच्या काचेकडे बघत, मान ताठ, हसू तसंच ठेवून ती जावेला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली,

"खरंय, वहिनी. हा माझ्याच कपाटातला. तुम्ही पिशवीत भरलात, तेव्हा याची घडीसुद्धा मोडली नव्हती. फक्त मरायचं तेवढं राहून गेलं माझं."