चौतीस की बत्तीस

“मोजायला काही आहे का कुणाकडे?” मिस्त्रींनी विचारलं.

गिटारी घडवण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या घरात साधी पट्टी नसावी, हे सासूबाईंना मुळीच पटलं नाही. पण मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तशी त्यांची हत्यारं जावयानं नेली होती, आणि कारखान्याच्या जागेत आता लेक मोबाइलची कव्हरं विकत होती.

“हिच्या गळ्यात आहे की टेप,” सासूबाईंनी सुनेकडे बोट दाखवलं. “झोपेतसुद्धा काढत नाही.”

सून शिवणकाम करायची. हिनं शिवलेला कपडा सुतानंही चुकत नाही, असं गल्लीतल्या बायका म्हणत. तिनं टेप काढून मिस्त्रींच्या हातात दिली आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली.

टेबलावर बेस गिटार आडवी पडली होती. रंग गेलेली, पाण्यानं फुगलेली, तारा अडकवायचा खालचा ब्रिज तारांसकट उखडलेली. लाँच बुडाली तेव्हा काठाला लागलेली ही एवढीच वस्तू; कालची रात्रभर ती सासूबाईंच्या घरी होती. लाँचवर चढणाऱ्यांची नावं कुणी विचारली नव्हती. सासूबाईंचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, ज्याला सगळे खर्ज्या म्हणत, तो त्याच आठवड्यात “बँडबरोबर जातोय” म्हणून घराबाहेर पडला होता. कुठे आणि कशानं, हे सांगायची त्याची पद्धत नव्हती. फोन लागत नव्हता. तो एरवीही लागत नसे.

“या घडणीच्या मी नऊच केल्या,” मिस्त्री म्हणाले. “एकाच झाडाच्या, एकाच साच्यातल्या. मागच्या झाकणाखाली नंबराची चिठ्ठी चिकटवायचो, ती पाण्यात विरघळली. आठ गिटारी चौतीस इंच स्केलच्या. तुमच्या मुलाची करंगळी जन्मापासून आखूड, तिला तेवढं लांब पोचता यायचं नाही. म्हणून त्याची तेवढी बत्तीसची.”

“म्हणजे चौतीस निघाली तर?”

“तर दुसऱ्या कुणाची.”

“आणि बत्तीस?”

मिस्त्री टेपची गुंडाळी सोडवू लागले.

लाँचची बातमी आल्यापासून सासूबाईंनी हृदयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. “कुणासाठी घेऊ?” एवढाच त्यांचा प्रश्न. असंच चाललं तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन बजावलं होतं. ती रोज गोळी आणि पाणी समोर ठेवायची, आणि रोज तसंच उचलायची.

आणखी एक गोष्ट बंद झाली होती. मुलाला त्या लहानपणापासून “मेला” म्हणत आल्या होत्या. मेला अजून लोळतोय. मेल्यानं पुन्हा चहा सांडला. आता तो शब्द ओठांवर आला की त्या तोंडावर हात दाबून धरत.

“तार सुरू होते ती ही जागा, हे नट,” मिस्त्री सांगू लागले. “इथून ब्रिजपर्यंतची लांबी म्हणजे स्केल. ब्रिज गेलाय, पण बिघडलं नाही. बारावा फ्रेट, म्हणजे दांडीवरची बारावी पट्टी, बरोब्बर मध्यावर असतो. तिथपर्यंत मोजायचं...”

“आणि दुप्पट करायचं,” सून दारातून म्हणाली. “हे मला बघायला आले तेव्हा एवढंच बोलले होते.”

मिस्त्रींनी टेपचं टोक नटवर ठेवून अंगठ्यानं दाबलं. अंगठा अडला. टोकावरून एकदा इकडे, एकदा तिकडे फिरला.

“टेप तुझीच ना गं, पोरी?”

“हो. रोजच्या कामातली.”

“हं.” मिस्त्रींनी दाराकडे पाहिलं. त्यांना तिथे उजेडात एक काळा डाग तेवढा दिसत असावा. अंगठा त्यांनी पुन्हा जागेवर घट्ट ठेवला.

“हं काय? मोजा की!”

“मला आकडा कुठला दिसायला, वहिनी? तुम्ही वाचा. ते दोन ठिपके आहेत ना, त्यांच्या लगेच पुढची पट्टी.”

सासूबाईंनी चष्मा पुसला. परत पुसला. टेप त्या पट्टीपर्यंत ताणली आणि त्या दाराकडे वळल्या.

“अगं, तू वाच ना.”

“नको, आई. मी वाचलं तर उद्या तुम्हाला शंका येईल.”

“तुझ्यावर मी कधी शंका घेतली?”

“लग्न झाल्यापासून दुसरं काय केलंत?”

सासूबाई वाकल्या. नाक जवळजवळ लाकडाला टेकलं.

“सतरा,” त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, “सतराच आहे! दुप्पट किती हो?”

“चौतीस,” मिस्त्री हळूच म्हणाले.



“मेला!” सासूबाई किंचाळल्या. “कुठे उलथलाय हा मेला! एक फोन करायला बोटं झडली का मेल्याची?” डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. “मेला गं मेला!” मिस्त्रींची लेक कव्हरं टाकून धावत आली. कोण मेलं ते तिला कळेना.

मिस्त्रींनी टेप गुंडाळून सुनेच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं स्वतः मिटवली.

“ही आता बदल,” ते म्हणाले. “जुन्या टेपा सैल पडतात.”

“बदलते.”

घरी आल्या आल्या सासूबाईंनी स्वतःहून हात पुढे केला. “आण ती गोळी. मेला परत येईपर्यंत टिकायला हवं मला. आला की आधी दोन थोबाडीत, मग चहा.” गोळी गिळून त्या आतल्या खोलीत आडव्या झाल्या. तिथूनही बराच वेळ मेल्याचा उद्धार ऐकू येत होता.

सून मशीनवर बसली आणि तिनं ते जोरात सुरू केलं. सुईखाली कापड नव्हतं. मशीनच्या आवाजात घरातला दुसरा कुठलाही आवाज आत पोचला नसता. घट्ट मिटलेल्या तिच्या डाव्या मुठीत टेपचा पहिला इंच होता, सकाळी कापलेला, पितळी टोकासकट.