सहा फोटोंचा एक हॉल

काकूंचं घर विकायचं ठरलं, तेव्हा जाहिरातीसाठी परगावी राहणाऱ्या त्यांच्या मुलाने एक फोटोग्राफर पाठवला. त्याने हॉलच्या मधोमध स्टँड लावून गोल फिरत सहा फोटो काढले आणि लॅपटॉपवर ते जोडून एक लांबलचक फोटो केला. त्याला अडचण नको म्हणून काकू मात्र सारख्या जागा बदलत होत्या.

"काकू, तुम्ही चार ठिकाणी आलात बघा," तो हसत म्हणाला. "खिडकीशी, सोफ्यावर, जेवणाच्या टेबलापाशी आणि दारात. थांबा, चौघींनाही पुसून टाकतो."

काकू चष्मा सावरून बराच वेळ बघत राहिल्या.

"जाहिरातीतून पुसा. मला मात्र एक असाच द्या," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी घरात चार माणसं दिसताहेत."