राजाच्या मनगटावरचं हिरवं

गुलबर्ग्याच्या प्रदर्शनात बयलाट या कानडी लोकनाट्याच्या खेळातल्या राजाच्या चित्रापुढं गर्दी जमली होती. राजाचं सोंग दरवर्षी काशप्पाच घ्यायचा, म्हणून सत्काराची शालही त्यालाच पांघरली होती. "मनगटावरचे हिरवे ठिपके म्हणजे सत्तेत भिनलेलं विष," प्राध्यापकांनी अर्थ लावला. काशप्पाची बायको शांतम्मा फिसकन हसली. चित्र काढलं त्या वर्षी ऐन खेळाआधी नवऱ्याचा घसा बसला, तेव्हा मिशी चिकटवून राजा म्हणून तीच उभी राहिली होती. ही गोष्ट दोघांतच राहिली. चित्रकारानं मात्र दिसलं तसं रंगवलं. "विष कशाचं, सर? आईनं गोंदवलंय," म्हणत तिनं बांगड्या मागं सारून मनगट चित्राला भिडवलं. ठिपक्याला ठिपका जुळला. काशप्पानं शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि खेळात राजा आला की त्याची ओळख विचारणाऱ्या सारथ्यासारखं खड्या आवाजात विचारलं, "आपण कोण, महाराज?" शांतम्मानं पाय आपटला. "वळखलं न्हाईस व्हय रे, सारथी? ह्या मुलखाचा राजा हाय मी!"