रेघेची थरथर

"सगळं चित्र नको सुधारूस. रेघा तेवढ्या थांबव," म्हातारा म्हणाला आणि कॅसेट काउंटरवर ठेवली.

काउंटरमागच्या बाईला आसपासचे लोक कॅसेटवालीच म्हणत. घरोघरच्या जुन्या कॅसेटी साफ करून संगणकावर उतरवून द्यायच्या, हा तिचा धंदा. तिने कॅसेट लावली. पडद्यावर मैदान आलं. चारशे मीटरची शर्यत, आठ मुली, प्रेक्षकांत बसून कोणीतरी हौसेने टिपलेली. आणि लेनच्या पांढऱ्या रेघा अशा वळवळत होत्या, की बघणाऱ्याच्या डोळ्यांना मुंग्या याव्यात.

"घरच्या कॅमेऱ्याचं हे असंच असतं, काका. एकेक चित्र तो दोन अर्ध्यांत साठवतो, एक ओळ सोडून एक. बारीक रेघ कधी या अर्ध्यात सापडते, कधी त्या. म्हणून थरथरते. कॅसेट तुमचीच?"

"एकाकडून मागून आणली. अकरा वर्षं झाली या शर्यतीला." त्याने पडद्यावरच्या वळणावर बोट ठेवलं. त्याच्या नखांच्या कडा पांढऱ्या होत्या. "ही तिसऱ्या लेनमधली पोरगी. पहिली आली होती. वळणावर पाय रेघेवर पडला म्हणून बाद केली."

"ती काय म्हणते?"

"तेव्हा म्हणायची, मी माझ्या लेनमध्येच पळाले. रडून रडून सांगत होती. कोणी ऐकलं नाही. आता तिलाही वाटतं, आपलंच चुकलं. त्याच मैदानावर पोरांना शिकवते आणि रेघेपासून वीतभर लांब पळा म्हणून त्यांच्या मागे लागते. रोज ऐकतो मी." त्याने पडद्यावरचं बोट काढलं. "पाय कुठे पडला आणि रेघ नेमकी कुठे होती, एवढं मला दिसलं पाहिजे."

बाप असावा तर असा, असं कॅसेटवालीला वाटलं. तिच्या स्वतःच्या वडिलांना ती कितवीत आहे हेसुद्धा कधी धड सांगता आलं नव्हतं.

"होईल, काका. तुमच्या लेकीसाठी जीव ओतून करते."

म्हातारा एक डोळा मिटून काउंटरच्या कडेवरून बघत होता. "ही फळी डावीकडे बोटभर खाली गेलीय," तो म्हणाला आणि निघून गेला.

काम वाटलं तेवढं सोपं निघालं नाही. रेघ शांत करायची तर चित्र वरखाली किंचित पुसट करावं लागतं. आणि पुसट केलं, की पोरीचा पांढरा बूट पांढऱ्या रेघेत विरघळायचा. मग पाय पडला की नाही, हे देवालाही सांगता आलं नसतं.

तिचा नवरा शेजारच्या टेबलावर रेडिओ दुरुस्त करायचा. दुसऱ्या दिवशी त्याने तोंड उघडलं. "अगं, सोड आता पिच्छा. पुसट तर पुसट. म्हाताऱ्याला काय कळतंय त्यातलं?"

"फळी खाली गेलेली त्याला एका नजरेत कळली. तू चार वर्षं तिच्यावर चहा ठेवतोयस."

नवऱ्याने मुकाट्याने फळीखाली पाचर ठोकली.

ती हट्टालाच पेटली. वळणावरची बेचाळीस चित्रं तिने सुटी केली. प्रत्येकाचे दोन्ही अर्धे वेगळे काढले, फक्त रेघेपुरता भाग हाताने पुसट केला आणि बुटाला धक्का लावला नाही. मान आखडली, डोळे चुरचुरले. गुरुवारी दुपारी सगळ्या रेघा गपगार पडल्या.

एक जागा सोडून. तिसऱ्या लेनची डावीकडची रेघ वळणावर एका ठिकाणी फुगून लेनमध्ये आली होती. तिने ती चित्रं पुन्हा केली, तरी फुगवटा तसाच. कॅसेटला तिथे चुणी असेल, असं तिला वाटलं. मग तिने सुरुवातीचा भाग लावला. मुली अजून उभ्याच होत्या, वळण रिकामं होतं, आणि फुगवटा तिथेच होता. थरथर असती तर जागा बदलली असती.

आणि पोरीचा पाय बरोबर त्याच्यावर पडत होता. कॅसेटवाली खुर्चीत मागे टेकली. तिला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी म्हातारा धुतलेला सदरा घालून आला. फळीवरून हात फिरवून त्याने मान डोलावली. तिने पडदा त्याच्याकडे वळवला.

"काका, सांगायला जिवावर येतंय. पाय पडलाय."

म्हाताऱ्याने खुर्ची पुढे ओढली. पडद्याजवळ वाकून बघत राहिला. "पुन्हा लाव," म्हणाला. तिने लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

तिला राहवलं नाही. "बाकी सगळ्या रेघा नीट झाल्या, ही एवढीच जागा मला जमली नाही. तुम्ही म्हणत असाल तर तीही नीट वळवून देते. मग पाय लेनमध्ये दिसेल. लेकीला बरं वाटेल." असं काही तिने आजवर कोणत्याच गिऱ्हाइकाला विचारलं नव्हतं.

"हात लावू नकोस. आहे तशीच दे. आत्ताच मैदानावर जाऊन तिला दाखवतो."

"अहो, पण हे बघून तिला काय वाटेल? बाप म्हणून तुम्हीच..."

"ती माझी लेक नाही," म्हातारा म्हणाला. त्याने पांढऱ्या नखाचं बोट रेघेच्या फुगवट्यावर टेकवलं. "इथे चुन्याच्या गाडीच्या चाकाखाली खडा आला होता. पाहुणे येऊन बसले होते, म्हणून मी रेघ पुसून पुन्हा मारली नाही."