विमलाबाईंना उत्तर

"पिठल्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय करायचं गं?" गुरुदत्तांनी विचारलं.

हेमांगी वाचनालयाच्या साइटवर नव्या पुस्तकांची यादी चढवत होती. तिनं मान वर केली. "काका, आज पुस्तकाबद्दल नाही?"

"विमलाबाईंनी विचारलंय. चित्राला."

चित्रा म्हणजे गुरुदत्तांची बायको. तिला जाऊन आठ महिने झाले होते. वर्तकनगरच्या या वाचनालयाचं फेसबुक पान तिनंच सुरू केलं होतं. रोज एका पुस्तकाबद्दल चार ओळी लिहायची. त्या वाचून मोहने गावच्या विमलाबाई तिला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू लागल्या. दोघी कधी भेटल्या नव्हत्या. विमलाबाईंना ऐकू कमी येई, त्यामुळे फोनवर बोलणंही नाही. नुसतं लिहिणं, पण रोज.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी चित्रा म्हणाली होती, "विमलाबाईंना उत्तर द्यायचं राहिलंय."

तेरावं झाल्यावर गुरुदत्तांनी तिचा फोन उघडला. 'बऱ्या आहात ना? काळजी वाटते,' असे अकरा मेसेज होते. ती गेली असं लिहायला बोट धजेना. त्यांनी लिहिलं, 'बरी आहे. सध्या काय वाचताय?'

मग पंचाईत झाली. गुरुदत्तांनी आयुष्यात पेपरापलीकडे काही वाचलं नव्हतं. फोन म्हणजे हिरवं बटण आणि लाल बटण. हेमांगीनं त्यांना सगळं शिकवलं. मराठीत टाइप करणं, साइटवर पुस्तक शोधणं, घरबसल्या राखून ठेवणं, आवडलेल्या पानाचा फोटो पाठवणं. एकच गोष्ट सहा वेळा विचारली तरी ती वैतागली नाही. आता ते आठवड्याला एक पुस्तक वाचत. सकाळी उठायला कारण होतं. हेमांगीचे आणि विमलाबाईंचे उपकार ते रोज मनात मानत.

"पण सत्तरीतल्या बाईला पिठलं येत नाही?" ते म्हणाले.

"अहो, काकूंची पद्धत विचारत असतील. लिहा, पीठ आधी गार पाण्यात कालवायचं."

त्यांनी लिहिलं. लगेच उत्तर आलं. 'देव तुमचं भलं करो. तुम्ही आहात म्हणून दिवस जातो.'

गुरुदत्तांनी चष्मा पुसला.

"काका, एक बोलू?" हेमांगी म्हणाली. "रविवारी काकूंच्या नावाचं कपाट सुरू होतंय. हार घातलेला फोटो पानावर जाणार. विमलाबाई बघणारच."

"मग फोटो टाकू नकोस."

"काका!"

त्यांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "असं फोनवर कळायला नको त्यांना. मीच जाऊन सांगतो. इतके दिवस फसवलं, आता समोर बसून चार शिव्या तरी खातो."

मागे चित्रानं विमलाबाईंना दिवाळी अंक पाठवले होते. त्या कुरिअरच्या पावतीवर पत्ता सापडला. शनिवारी सकाळी गुरुदत्त कल्याणला उतरले आणि मोहन्याची रिक्षा केली. वाटेत वाक्यं जुळवत राहिले. एकही धड होईना. बाईंना धक्का बसेल ही भीती होतीच. उद्यापासून त्या लिहिणार नाहीत, ही त्याहून मोठी.

दार एका म्हाताऱ्या माणसानं उघडलं.

"मी गुरुदत्त. वर्तकनगरहून आलोय. चित्राचा नवरा."

त्या माणसाचा चेहरा उतरला. "ताईंनी पाठवलं तुम्हाला?"

"नाही, मीच आलो. विमलाबाईंशी जरा बोलायचं होतं."

"मी तानाजी. विमलाचा मालक." ते दारातून बाजूला झाले. "या आत."

समोरच्या भिंतीवर विमलाबाईंचा फोटो होता. फोटोला हार होता.

"दीड वर्ष झालं," तानाजी म्हणाले.

गुरुदत्तांनी खुर्चीची पाठ धरली. "मग ते मेसेज?"

"मीच लिहितो. ती गेली तेव्हा ताईंना कळवायला म्हणून फोन उघडला. तर तिकडनं इतकं मायेनं लिहिलेलं, हातच चालला नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. या वयात पुस्तकं वाचायला लागलो, साहेब. त्यांनी सुचवलेलं एक सोडलं नाही." तानाजींनी हात जोडले. "चूक माझी आहे. मला काय ते बोला. पण ताईंना सांगू नका हो. त्यांना सोसायचं नाही."